टपातलं पाणी

चंपासाकला सकाळी सहाला सायकली वाटतात.
माझ्या वाट्याला निळी, पुढे वेताची टोपली,
घंटी दाबली तर गप्प, खड्डा आला की बोलणारी.
बुआवान म्हणाली, "हिचा ब्रेक जरा विचार करून लागतो."
आम्ही सहा जण, सातवी ती,
आणि दर वळणावर मान मागे वळवून
आम्हाला मोजणारी तिची टोपी.

डाव्या हाताला मेकाँग,
साय धरलेल्या दुधासारखी,
हलते की नाही, पैज लावावी.
उजवीकडे कापून झालेली भातखाचरं, नुसती धसकटं.
कुणीतरी अर्ध्या रस्त्यावर मिरच्या वाळत घातलेल्या.
पंगत बसलेली असताना
कडेकडेनं निघावं तसे आम्ही निघालो,
शिंकत.

पाचव्या किलोमीटरला माझं मागचं चाक बसलं.

उंच खांबांवर घर, खांबांमध्ये दुकान:
एक पंप, दोन पाने, झोपलेलं कुत्रं,
आणि थोंगसाय.
त्यानं चाकाची नाडी पाहिली, ट्यूब उपसून काढली,
हवा भरून काळ्या टपात बुडवली
आणि तळहाताएवढ्या पाण्याकडे
मासे धरणाऱ्यासारखा बघत राहिला.
बुडबुडे आले. एक, मग ओळीनं.
"श्वास कुठून जातो ते पाणी बरोबर सांगतं,"
असं तो म्हणाला म्हणे.
बुआवानचं भाषांतर;
तिनं पदरचं थोडं घातलं असेल, तर असू दे.

त्याच्या जिन्याची पहिली पायरी दगडाची होती,
तिच्यावर झिजलेलं अर्धं कमळ.
देवळातून आणली का, असं मी विचारायला नको होतं.
तो हसला. "दगड इथेच होता.
घर नंतर आलं."

पैसे घेईना.
टोपलीत एक रिकामी बाटली ठेवली.
वरचं पाणी हवं होतं, कड्यातलं.
जत्रेला दरवर्षी चढायचा;
आता गुडघे डोंगराचं नाव काढू देत नाहीत.

वाट फू.
आधी दोन तळी, एकात आभाळ, दुसऱ्यात लव्हाळे.
मग दोन महाल, दोन्हींना छप्पर नाही;
खिडक्यांत दगडी गज अजून शाबूत,
आत कोंडायला काही उरलेलं नसताना.
मग पायऱ्या.
गुडघ्याएवढ्या, तिरप्या, मुळांनी उचकटलेल्या.
दोन्ही बाजूंना निष्पर्ण चाफा,
फांद्यांच्या टोकांना तेवढी फुलं.
नाव विचारलं. चंपा.
इतक्या लांब येऊन
या शब्दाला घामही फुटलेला नाही,
आणि मी इथे खांबाला टेकून धापा टाकतेय.

वर गाभाऱ्यात पूर्वी लिंग होतं,
आता भगव्या वस्त्रातले बुद्ध, ओठांना नवा रंग.
कोण गेलं, कोण आलं, कोणी जागा दिली,
उंबऱ्याला विचारलं तर तो फक्त झिजलेला.
मागे कडा.
कड्यातून थेंब.
एके काळी दगडी पन्हळीतून ते देवाच्या माथ्यावर जात;
आता पन्हळ कोरडी,
थेंब एका प्लॅस्टिकच्या पिंपात.
बाकीचे दगडात कोरलेला हत्ती शोधायला गेले.
मी पिंपातलं घेतलं नाही. बाटली थेट कड्याला लावली.
वीस-बावीस मिनिटं.
त्या सगळ्या दिवसात
मी नीट पाहिलं असेल तर एवढंच:
पाणी येताना दिसत नव्हतं,
आल्यावर दिसत होतं.

उतरून केळीच्या पानात चिकट भात खाल्ला,
बोटांनी गोळे करत.
परतीला ऊन तोंडावर नव्हतं, एवढंच बरं.
बाटली टोपलीत. प्रत्येक खड्ड्याला
घंटी ओरडे आणि माझा हात बुचावर जाई.

थोंगसायनं बाटली दोन्ही हातांनी घेतली.
थोडं डोक्यावर.
थोडं पायरीच्या कमळावर.
उरलेलं सगळं,
मी "अहो" म्हणेपर्यंत,
त्या काळ्या टपात.

बुआवानकडे पाहिलं.
तिनं खांदे उडवले. "उद्या कुणाचं तरी चाक येईलच."

त्यानं माझं मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं,
पसंत पडलं नाही,
आणि पंप ओढला.